मराठवाड्यातून परदेशी: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

लंडनला किती तास लागतात, असं विचारलं की इंटरनेट एका ओळीत सांगतं: साडेनऊ-दहा तास. उत्तर बरोबर आहे, पण ते मुंबईच्या विमानतळापासून हीथ्रोपर्यंतचं आहे. परभणी, उदगीर किंवा अंबाजोगाईहून निघणाऱ्या माणसाच्या प्रवासाचा तो लहानसा भाग. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या पोरापोरींची आणि त्यांच्या आईवडिलांची सगळ्यात जास्त धावपळ होते ती उरलेल्या तासांचा हिशोब न केल्यामुळे. विमान ठरलेल्या वेळी उडतं; अडचण येते ती आपल्या घरापासून त्या विमानापर्यंत. हा हिशोब कागदावर, शाळेतलं गणित वापरून, घरातल्या कुणालाही करता येतो. परभणी ते लंडन हे उदाहरण धरून सगळं सांगतो.

पायरी १: आधी शहर आणि विमानतळ पक्का करा

अंतर दाखवणाऱ्या वेबसाइटवर नुसतं ‘औरंगाबाद’ टाकलं तर बिहारमधलं औरंगाबादही पुढे येऊ शकतं. आपल्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं असलं तरी तिकिटांच्या काही साइटवर अजून जुनंच नाव सापडतं. म्हणून विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघायची सवय लावा. चिकलठाण्याचा, म्हणजे संभाजीनगरचा, आयएक्सयू, नांदेडचा एनडीसी, मुंबईचा बीओएम, हैदराबादचा एचवायडी. तिकडच्या शहराचंही तेच. हैदराबाद पाकिस्तानातही आहे, लंडन कॅनडातही आहे, मेलबर्न फ्लोरिडातही आहे. आपल्याला हव्या असलेल्या लंडनलाही हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे बरेच विमानतळ आहेत आणि ते एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत.

मुंबईचंही आता तसंच झालंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच वाचून गाडीवाल्याला अंधेरीचा पत्ता देऊ नका. विमानतळाचं नाव आणि टर्मिनल, दोन्ही वाचा.

आणखी एक. या साइट ‘संभाजीनगर ते लंडन’ असं अंतरही काढून देतात आणि खाली तास-मिनिटंही लिहितात. तसं थेट विमान नाही. ती नकाशावरच्या दोन ठिपक्यांची वजाबाकी आहे. तिच्यावर विसंबून सुट्टीचा अर्ज करू नका.

पायरी २: हवेतलं अंतर

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांतला सगळ्यात जवळचा रस्ता भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेषेसारखा नसतो. तो बघायचा असेल तर शाळेत असतो तसा पृथ्वीगोल आणि हातभर दोरा घ्या. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा १७ सेंटीमीटर भरतो, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. संगणक अक्षांश-रेखांशांवरून हेच काढतो.

आता तो दोरा कुठून जातो ते नीट बघा, कारण पुढचं बरंच त्यावरून कळतं. मुंबईतून निघून सौराष्ट्राच्या बाजूने कराची, बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, युक्रेन आणि मग मध्य युरोप. यातल्या युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरचे मार्गही बंद पडतात. म्हणजे विमान दोऱ्याच्या वाटेने जातच नाही, वळसा घालतं. त्यामुळेच त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान लवकर पोचतं आणि दुसरीचं उशिरा. दोऱ्याचं अंतर हे कमीत कमी अंतर समजा.

असाच मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणला तर तो सायबेरियावरून जाऊन आर्क्टिक महासागर ओलांडतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. पृथ्वीगोल हाताशी असेल तर हे मुलांना जरूर दाखवा.

काही ठिकाणांची मुंबईपासूनची हवाई अंतरं, ठोकळमानाने: दुबई १,९३०, सिंगापूर ३,९००, लंडन ७,२००, मेलबर्न ९,८००, न्यूयॉर्क १२,५००, सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर.

पायरी ३: अंतरावरून तास

लांब पल्ल्याचं मोठं विमान वर गेल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं. अंतराला ९०० ने भागा. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं आणि खाली उतरणं यासाठी पाऊण तास घाला. पश्चिमेकडे लांबचा प्रवास असेल तर आणखी तासभर धरा.

हा वरचा तास वाऱ्यामुळे लागतो. विमानं उडतात त्या उंचीवर, जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो. लंडनला जाताना ते समोरून येतात, परत येताना पाठीमागून ढकलतात. म्हणून जाताना पावणेदहा-दहा तास आणि येताना पावणेनऊच्या आसपास. मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना तास-दीड तास कमी.

मुंबई-दुबईसारख्या छोट्या टप्प्याला वाऱ्याचा तास धरायची गरज नाही. तो तीन-सव्वातीन तासांत होतो.

पायरी ४: तिकिटावरच्या वेळा आपल्या घड्याळात आणा

इथे घाई करू नका. तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराची. दोन्ही एकाच घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. आपलं घड्याळ सोयीचं.

समजा तिकिटावर असं आहे: मुंबई, १५ जानेवारी, ०२:१५. लंडन, १५ जानेवारी, ०७:००. सरळ वजाबाकी केली तर पावणेपाच तास येतात, आणि एवढ्यात विमान लंडनला पोचत नाही. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. साडेबारातून सव्वादोन गेले, राहिले सव्वादहा तास. हा खरा वेळ.

परतीचं तिकीट लंडन २१:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी ११:४५ असं असेल तर लंडनचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. पहाटे तीन ते पावणेबारा, पावणेनऊ तास.

हा साडेपाच तासांचा फरक वर्षभर तोच राहत नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तास. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मेलबर्न आपल्या पुढे: एप्रिल ते ऑक्टोबर साडेचार तास आणि ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. दुबईचा दीड तास मात्र बारा महिने तोच.

आता तारखेचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. १५ जानेवारी ०२:१५ म्हणजे १४ तारखेची रात्र. जेवून-खाऊन १४ तारखेलाच विमानतळात शिरायचं आहे. पंधरा तारखेच्या रात्री सामान घेऊन पोचलात तर विमान जाऊन जवळपास दिवस झालेला असतो. भारतातून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे हा घोळ सहज होतो. कॅलेंडरवर १५ ला खूण करण्याऐवजी १४ च्या चौकटीत ‘आज रात्री ९ ला विमानतळ’ असं लिहा.

पायरी ५: मधला थांबा

थेट तिकीट महाग पडतं म्हणून बरेच जण दुबई, दोहा, अबुधाबी किंवा सिंगापूरमार्गे जातात. हा मार्ग उलटा पडतोय का, ते दोऱ्याने लगेच कळतं. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-लंडन ५,५०० मिळून ७,४३० किलोमीटर, थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. म्हणजे दुबई लंडनच्या वाटेवरच आहे. मेलबर्नसाठी सिंगापूर असंच वाटेवर पडतं, एकूण ९,९५० किलोमीटर. पण तेच मेलबर्न दुबईमार्गे केलं तर साडेतेरा हजारांच्या वर जातं. आधी दोन हजार किलोमीटर उलट्या दिशेला, मग तेवढेच परत. तिकीट पाच-सात हजारांनी स्वस्त दिसलं तरी मी कुणाला हा मार्ग घ्या म्हणणार नाही.

थांबा किती असावा? माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने अडीच ते चार तासांचा घ्यावा. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालायलाच अर्धा तास जातो, मध्ये पुन्हा सुरक्षा तपासणी असते. तासाभराचा थांबा रोज फिरणाऱ्यांसाठी ठेवा.

दोन गोष्टी तिकीट काढायच्या आधीच तपासा. मधल्या देशात ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघा. अमेरिकेतून पुढे कॅनडाला किंवा मेक्सिकोला जायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, कारण तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाचं इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, होतं. आणि दुसरी गोष्ट, सगळे टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का? एका पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करून देणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर पुढची कंपनी तुम्हाला ‘आला नाहीत’ एवढंच धरते आणि नवं तिकीट तुमच्या खिशातून जातं. संभाजीनगर-मुंबई आणि मुंबई-लंडन ही दोन तिकिटं घरबसल्या वेगवेगळी काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. सामानाचंही वेगळं गणित असतं: देशातल्या विमानात बहुधा १५ किलो चेक-इन (काउंटरवर द्यायचं मोठं सामान), परदेशी विमानात एका बॅगेला २३ किलो चालते. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर संभाजीनगरलाच जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात.

पायरी ६: घर ते विमानतळ, म्हणजे खरी परीक्षा

आधी ठरवा, मुंबई की हैदराबाद. सवयीने सगळे मुंबईचं नाव घेतात. पण नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, उमरगा या पट्ट्याला हैदराबादचा शमशाबाद विमानतळ बराच जवळ पडतो. नांदेडहून देगलूर-संगारेड्डीमार्गे आणि उमरग्याहून जहिराबादमार्गे रस्ता आहे. संगारेड्डीच्या पुढे आउटर रिंग रोडने शहरात न शिरता शमशाबाद गाठता येतं. लातूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई पाचशेच्या. आखाती कंपन्यांची विमानं हैदराबादहूनही सुटतात. तिकीट दोन-तीन हजारांनी महाग असलं तरी गाडीचं भाडं आणि मुंबईतला मुक्काम धरून तुलना करा.

संभाजीनगर, जालना, बीड, परभणीच्या लोकांना मुंबईच सोयीची. तिथे जायच्या तीन वाटा.

रेल्वे स्वस्त आणि अंगाला सोसणारी आहे. देवगिरी किंवा नंदीग्रामने रात्री निघायचं, सकाळी मुंबई. पण मनमाडच्या अलीकडे बराच मार्ग एकेरी आहे, गाडी क्रॉसिंगला थांबते आणि तास-दोन तास सहज जातात. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली तर मग काहीच सांगता येत नाही. म्हणून ज्या रात्री विमान आहे त्या दिवशी सकाळी मुंबईत पोचणारी गाडी घ्या. दुपारी किंवा संध्याकाळी पोचणारी नको. सामान बेताचं असेल तर सीएसएमटीवरून भूमिगत मेट्रो तीन थेट विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल दोन) स्थानकापर्यंत जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ही मोठीच सोय झाली आहे. मेट्रो रात्रभर चालत नाही, हे लक्षात ठेवून दिवसा किंवा संध्याकाळी पोचा.

गाडीने जाणार असाल तर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. जालन्याला किंवा संभाजीनगरला चढलं की भिवंडीजवळ आमणेपर्यंत अडथळा नाही. त्यापुढे मात्र ठाणे-मुंबईची गर्दी आहे, आणि संध्याकाळी शेवटच्या चाळीस-पन्नास किलोमीटरला दोन-अडीच तासही जातात. माझी कळकळीची विनंती एवढीच की हा प्रवास दिवसा करा. समृद्धी सरळ आणि एकसुरी आहे, चालकाला झापड येते. पोराला सोडायला म्हणून क्रूझर भरून पाहुणे निघतात आणि तोच चालक रात्री विमानतळावरून लगेच माघारी फिरतो. त्याला चार तास झोपायची जागा बघून ठेवा, किंवा परतीला दुसरा चालक बरोबर घ्या. सोडायला आलेल्यांना तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आत जाता येत नाही. निरोप दारातच घ्यायचा असतो, तेव्हा दोघं-तिघं गेले तरी पुरे.

तिसरी वाट चिकलठाण्याहून विमान. संभाजीनगर-मुंबई हवेतलं अंतर २८० किलोमीटर, तिकिटावर तास-सव्वातास. पण ही विमानं मोजकी आहेत आणि वेळापत्रक मार्च व ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. मुंबईत उतरल्यावर विमान टी-१ ला येतं की टी-२ ला, तेही बघा. टी-१ ला आलं तर सामान घेऊन रस्त्याने टी-२ गाठावं लागतं. एकाच पीएनआरवर मिळत असेल तर ही वाट उत्तम. वेगळं तिकीट असेल तर दोन विमानांत किमान सहा तास ठेवा.

पायरी ७: विमानतळातले तास

परदेशी विमानाला तीन तास आधी पोचा, असं कंपन्या सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने चार धरावेत. चेक-इनचा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. पुढे इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी, दोन्हीकडे रांग.

इथला वेळ आपल्या बॅगेतल्या वस्तूही खातात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीत ठेवा. सुकं खोबरं उलट चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. आईने प्रेमाने दिलेल्या वाट्या त्या मोठ्या बॅगेच्या तळाशी असतील तर बॅग उघडून सगळं उपसावं लागतं. लोणच्याचं उलटं आहे: ते हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. नीट सीलबंद करून मोठ्या बॅगेत टाका, आणि तिकडच्या देशात काय न्यायला बंदी आहे तेही आधी पाहा.

पायरी ८: सगळं एका ओळीत मांडा

आता परभणी ते लंडन, सगळं आपल्या घड्याळात. रेल्वेने: १३ जानेवारीला संध्याकाळी ७ ला घर सोडलं. १४ ला सकाळी मुंबई, दिवसभर नातेवाइकाकडे किंवा लॉजवर आराम. रात्री ९ ला टी-२. १५ ला पहाटे २:१५ ला विमान, दुपारी १२:३० ला हीथ्रो. इमिग्रेशन, सामान आणि गावातला प्रवास धरून हॉस्टेलवर ३:३०. एकूण साडेचव्वेचाळीस तास, त्यातले विमानातले सव्वादहा. गाडीने १४ ला सकाळी १० ला निघून समृद्धीने गेलात तर तेच साडेएकोणतीस तासांत होतं.

रेल्वेचा हिशोब जास्त तासांचा दिसतो, तरी पावसाळ्यात मी तोच सुचवीन. मध्ये रिकामा दिवस आहे, तो गाडी लेट झाली तर उपयोगी पडतो.

हाच कागद दोन प्रतींत करा. एक प्रवाशाच्या पासपोर्टजवळ, एक घरी. घरच्या कागदावर प्रत्येक टप्प्यासमोर दोन वेळा लिहा, इकडची आणि तिकडची. म्हणजे दुपारी बाराला फोन लागला नाही तर आईला कळेल की लेक अजून हवेतच आहे, आणि साडेबारानंतरही तासभर इमिग्रेशनच्या रांगेत जाणार आहे.

परतीचा हिशोब वेगळा मांडा. मुंबईत सकाळी ११:४५ ला उतरलं तरी इमिग्रेशन, सामान, कस्टम्स होऊन बाहेर यायला दीड-दोन तास धरावेत. पुढचं विमान संभाजीनगरचं असलं तरी बॅगा मुंबईतच उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात. म्हणून त्या दिवशी दुपारच्या गाडीचं आरक्षण करू नका, रात्रीच्या गाडीचं करा.